सोमलिंगच्या तीन दोऱ्या

सोलापुरात बाळीवेशीच्या अंगाला सोमलिंग कोऱ्याचा फोटो स्टुडिओ होता, आणि त्या स्टुडिओत आजवर एकही माणूस स्वतःच्या मर्जीनं उभा राहिलेला नाही. आत पाय टाकला की सोमलिंगचा अंमल सुरू. मान जरा डावीकडे. डावीकडे म्हटलं की, तुमचा डावा हात कुठला? मामा, पोट आत घ्या, श्वास कधी सोडायचा ते मी सांगतो. मामा बिचारे लालबुंद होऊन उभे, आणि हा काळ्या कापडात डोकं घालून निवांत. त्याची बायको हेमावती म्हणायची, की ह्या माणसाला देवानं चुकून फोटोग्राफर केला. रेल्वे फाटकावर बसवला असता तर सगळ्यांना थांबवायची हौस तरी फिटली असती.

सत्तर साल उलटलं आणि सोमलिंगनं एक जुना सोळा एमएमचा कॅमेरा मिळवला. आता तो लग्नांच्या फिल्मा काढू लागला. हा कॅमेरा चावीवर चालायचा. भिंतीवरच्या घड्याळाला देतात तशी चावी गच्च पिळायची, बटण दाबायचं, की गडी अर्धा मिनिट किर्रर्र करत चालायचा आणि मग ठप्प. पुन्हा चावी. आता लग्नातला कुठलाही सोहळा अर्ध्या मिनिटात आटपत नाही, हे कॅमेरा बनवणाऱ्या साहेबाला कुणी सांगितलं नसावं.

मंगळवेढ्याकडच्या एका लग्नात ऐन हार घालायच्या वेळी चावी उतरली. सोमलिंगच्या अंगात स्टुडिओ संचारला आणि तो ओरडला, "थांबा! कुणी बी हालू नका, चावी देतो!" सगळा मांडव जिथल्या तिथं थिजला. नवरी हार वर धरून उभी, नवरा मान पुढे काढून उभा, जंगमस्वामींचा मंत्र अर्ध्यावर तुटलेला, वऱ्हाड्यांच्या मुठीत अक्षता घामेजलेल्या. वरबापाचा पारा काय चढला म्हणता! त्या दिवसापासून सोमलिंगचं नाव गावोगाव 'चावीवाले कोरे' पडलं. पोरंटोरं त्याला बघून हात वर करून पुतळ्यासारखी उभी राहायची.

हे नाव सोमलिंगला फार लागलं. त्यानं जेवण टाकलं नाही, तो जेवणावर रागवणाऱ्यातला नव्हता. पण चार दिवस गप्प मात्र राहिला, आणि ते घरच्यांना जास्त जड गेलं. पाचव्या दिवशी भाकरी मोडता मोडता तो म्हणाला, "हेमा, एक कॅमेरा थांबला की दुसरा चालू व्हायला पायजे. दुसरा थांबायच्या आत तिसरा. एक चालतोय, एकाला चावी बसतीय, एक तयार हाय. मंग कुणाला बी थांबा म्हणायची गरज न्हाय."

"आन् ह्या तिघांना चालव, थांब, कोण म्हणणार?" हेमावतीनं विचारलं.

सोमलिंगनं छाती पुढे काढली. ह्या एका कामासाठीच आपला जन्म झाला, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

स्टुडिओच्या मागच्या बोळात गंगम्मा राहायची. गाव तिला गंगाक्का म्हणायचं. अक्कलकोटकडच्या एका खेड्यातली पोर, परकरात असताना बापानं संगीत नाटकाच्या कंपनीत आणून सोडलेली. घरात कानडी बोलायची. रंगभूमीवर मराठी पद म्हणायला लागली की शेवटच्या रांगेतल्या माणसाला अक्षर न् अक्षर वेचून घेता यायचं. विजापूर, सांगली, हुबळी, सगळीकडे कंपनीबरोबर फिरून आता ती साठीला टेकली होती. गुडघे कुरकुरत होते. कंपनीच्या मालकानंही ठरवलं होतं, की सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा उठली की पुढच्या रविवारी दुपारी एक शेवटचा प्रयोग करायचा आणि कंपनी मोडायची.

त्या प्रयोगाच्या फळ्यावर लावायला फोटो हवा म्हणून मालकानं गंगाक्काला स्टुडिओत पाठवलं. ती आली, खुर्चीवर बसली, आणि सोमलिंग काळं कापड उचलतोय तोवर म्हणाली, "ऱ्हाऊ दे रं."

"का आक्का?"

"तू काडलेले समदे फोटो बगितले मी. एकूण एक फोटोत मी गप बसलीय. मी गप बसलेली कुणी बगितलीय का कवा?"

सोमलिंगला हसू आलं, कारण ते खरंच होतं. गंगाक्का झोपेतसुद्धा बोलते, असं शेजारीपाजारी शपथेवर सांगायचे.

"तू ते हालतं चित्र काडतोस न्हवं?" ती म्हणाली. "त्यात घे मला. शेवटचं पद म्हणताना घे. सबंद पद, तुकडं न्हाय."

"कशाला पायजे आक्का तुमाला?"

"कशाला म्हंजे? बापानं टाकलं, कंपनीनं राबवलं. घर न्हाय, दार न्हाय, आज हितं तर उद्या तितं. लोकं त्या पदाला रडत्यात म्हणं. मला कुटं दिसतंय? डोळ्यांवर दिवे. मी आपली श्वास कुटं घ्यायचा आन् निऱ्या पायात येत्यात का, तेवडंच बगत असते. सबंद जलम घातला ह्यात. कशात घातला, ते मला एकदा तरी बगू दे की!"

एवढं बोलून ती गप्प झाली, आणि गंगाक्का गप्प झाली म्हणजे गोष्ट साधी नाही हे सोमलिंगला कळलं. त्यानं नुसती मान हलवली. मग घरात जाऊन हेमावतीला म्हणाला, "मी व्हय म्हणून बसलोय."

आता त्या पदाचं सांगायला हवं. नाटक होतं 'संगीत बिल्वमंजिरी', कंपनीच्याच मास्तरांनी लिहिलेलं. शेवटच्या अंकात बिल्वमंजिरी माहेर कायमचं सोडते. उंबऱ्याचा निरोप घेते, गाईचा घेते, विहिरीचा घेते, आणि पद संपलं की पाठ फिरवून मागच्या पडद्याकडे चालत जाते. वळून बघत नाही. पडदा पडतो.

गंगाक्काला इतर पदांना वन्समोर आला की ती खुशीत पुन्हा म्हणायची, कधी तीन-तीनदा म्हणायची. ह्या पदाला कधीच नाही. "गेलेली बाई परत कशी यील?" असं तिचं म्हणणं. मालकानं हात जोडले, कलेक्टरसाहेब पहिल्या रांगेत बसून टाळ्या पिटत राहिले, तरी नाही. सोलापूरकरांनाही हे पाठ झालं होतं. पद संपलं की ते रीतीप्रमाणे वन्समोरचा गजर करायचे आणि रीतीप्रमाणेच उठून चहाला जायचे. म्हणजे सोमलिंगला ते पद मिळणार एकदाच. तेव्हा निसटलं तर गंगाक्का पुन्हा कधी उभी राहणार नव्हती.

कॅमेरे जमवायला तो हात धुऊन लागला. एक त्याचा स्वतःचा. दुसरा श्रीपूरच्या साखर कारखान्याचा. तो चालवणारा हरिबा हा सोमलिंगचा जुना दोस्त. हरिबानं आयुष्यात दोनच गोष्टी टिपल्या होत्या, ऊस आणि भाषणं, आणि दोन्हींपैकी काहीच हलत नाही अशी त्याची तक्रार होती. तिसरा कॅमेरा नव्या पेठेतल्या एका डॉक्टरांनी परदेशातून आणून कपाटात ठेवला होता. डॉक्टरांनी तो दिला, पण चालवणार कोण? सोमलिंगचा स्वतःचा कॅमेरा मेहुण्याकडे, कापडदुकानदार शंकरप्पाकडे जाणार होता. दिग्दर्शक कॅमेऱ्याला हात लावत नाही, असं सोमलिंगनं परस्पर ठरवून टाकलं होतं.

"डॉक्टरांचा कॅमेरा मी धरते," हेमावती म्हणाली.

"तू? भर थेटरात? लोक काय म्हणतील?"

"लोक नाटक बगतील. तुमच्या अंधाऱ्या खोलीत इतकी वर्सं फोटो धुतीय, चांगला कुटला आन् हाललेला कुटला ते तुमच्यापेक्षा मला जास्त कळतंय. आन् हाललेले निम्मे तुमचेच निघतात."

हा वाद तिथंच संपला.

खरी पंचाईत निराळीच होती. एक कॅमेरा माडीवर, एक उजव्या कडेला, एक डावीकडे पायपेटीजवळ, आणि सोमलिंग पहिल्या रांगेत मधोमध. चालू नाटकात ह्यांना हुकूम द्यायचा कसा? ओरडता येणार नाही. बॅटरीचा उजेड पाडून बघितला, तर तालमीला आलेल्या मालकाच्या डोळ्यांत गेला आणि तो अद्वातद्वा बोलला. शेवटी शंकरप्पाच्या डोक्यातून निघालं. तो चादरीच्या कारखान्यातून पक्क्या सुताच्या तीन लडी घेऊन आला, लाल, पिवळी आणि हिरवी. लाल दोरी माडीवर शंकरप्पाच्या मनगटाला, पिवळी हरिबाच्या, हिरवी हेमावतीच्या. तिन्ही दोऱ्या खुर्च्यांखालून सोमलिंगच्या हातात. एक झटका, चालू. दोन झटके, बंद करून चावी द्या.

कॅमेऱ्यांची किरकिर गाण्यात यायला नको, म्हणून तिघांना चादरी गुंडाळल्या. तिन्ही कॅमेरे थंडीतल्या म्हाताऱ्यांसारखे नाक तेवढं बाहेर काढून बसले. गाणं टिपायला रंगमंचाच्या कडेला टेपरेकॉर्डर ठेवला, तो मात्र विजेवर चालायचा आणि कुणाच्या हुकमात नव्हता.

तालीम अशी झकास झाली, की सोमलिंगचे पाय जमिनीवर राहिनात. लाल, पिवळी, हिरवी, पुन्हा लाल. एक थांबायच्या आत दुसरा चालू. मध्ये फट म्हणून नाही. शेवटचं पद तर घड्याळासारखं पार पडलं. एकच गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. गंगाक्का तालमीत गात नसे. ती नुसती गुणगुणायची, हातवारे करायची, आणि मध्येच "हितं तान हाय" असं सांगून पुढे जायची. आवाज ती प्रयोगासाठी राखून ठेवायची. म्हणजे तालमीत कॅमेऱ्यांची परीक्षा झाली होती, माणसांची झालीच नव्हती.

रविवार उजाडला. दुपारी थिएटर खच्चून भरलं. जागा नव्हती तिथं लोक एकमेकांच्या मांडीवर बसले म्हटलं तरी चालेल. बाळीवेशीतले व्यापारी होते, साखर पेठेतली तेलुगू विणकर कुटुंबं सगळ्या गोतावळ्यासकट होती, गिरणीतली पहिली पाळी संपवून आलेले कामगार होते, विजापूर वेशीतले मुसलमान गाणेवेडे कानात अत्तराचे बोळे घालून आले होते. कॅमेऱ्यासाठी रंगमंचावर जादा दिवे लावले होते, त्यांच्या उष्म्यानं राजाची मिशी पहिल्या अंकातच एका बाजूनं सुटली. प्रधानानं ती बोलता बोलता अंगठ्यानं दाबून दिली आणि त्याला टाळी पडली.

सोमलिंग तीन दोऱ्या हातात धरून बसला होता, अंगावर इस्त्रीचा कोट, चेहरा असा की सिद्धेश्वराच्या यात्रेतला पहिला मान ह्यालाच. दुसऱ्या अंकापर्यंत मधले मधले प्रवेश टिपणं यथासांग चाललं. मग कुणीतरी पाय पसरला आणि पिवळी दोरी तटकन तुटली. तिकडे हरिबाचा कॅमेरा हुकमावाचून मुका झाला. सोमलिंगनं खुर्चीखाली हात घातला तर टोक सापडेना. त्याची पाचावर धारण बसली. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका विणकर बाईनं वाकून दोन्ही टोकं हुडकली, अंगठ्यानं एक पीळ दिला, गाठ बसवली, दातानं शेपूट तोडलं. आयुष्यभर मागावर तुटलेलं सूत जोडलेला हात तो. एवढं करताना तिनं रंगमंचावरची नजर एकदाही हलवली नाही. वर सोमलिंगच्या पाठीत बोट खुपसून म्हणाली, "आता ओडा की, काय बगता?"

आणि मग शेवटचा अंक आला. तिन्ही कॅमेऱ्यांत कोरी रिळं भरलेली, चाव्या गच्च. गंगाक्का उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. पायपेटीनं सूर दिला. सोमलिंगनं लाल दोरी बोटाला गुंडाळली आणि तो पहिल्या शब्दाची वाट बघू लागला.

गंगाक्कानं आवाज लावला.

हा आवाज तालमीत नव्हता. पुढे त्या आवाजाचं वर्णन करायची वेळ आली की सोमलिंगसारखा बोलका माणूस अडखळायचा. म्हातारपणानं थोडा खरखरीत झालेला, पण आत कुठंतरी ओला. उंबऱ्याला ती म्हणाली, की तुला ओलांडून जायची सवय नव्हती मला, शिवून मागं फिरायचीच होती. एवढंच. सोमलिंगला त्याची बहीण आठवली, रायचूरकडे दिलेली. लग्नाच्या दिवशी ती बैलगाडीत बसली तेव्हा हा फोटोच्या गडबडीत होता आणि तिच्याशी बोलायचंच राहून गेलं होतं. गाय झाली, विहीर झाली. विणकर बाई पदराचा बोळा तोंडात धरून बसली होती. सोमलिंगनं डोळे पुसले, पुन्हा पुसले. पद संपलं, गंगाक्का पाठ फिरवून मागच्या पडद्याकडे चालू लागली, आणि सगळं थिएटर उठून वन्समोर, वन्समोर ओरडू लागलं.

तेव्हा सोमलिंगच्या लक्षात आलं, की आपण ज्यांनी डोळे पुसतोय त्या हातातल्या तीन दोऱ्या आहेत.

एकही झटका दिला नव्हता. त्यानं डावीकडे बघितलं. हेमावती कॅमेऱ्यावर हनुवटी टेकून मुसमुसत होती. उजवीकडे हरिबा कॅमेरा सोडून भिंतीला टेकला होता. मान वर करून बघितलं तर माडीच्या कठड्यावर शंकरप्पा अर्धा बाहेर लोंबकळून "वन्समोर" ओरडत होता. हुकूम आला नाही, हे तिघांपैकी एकालाही जाणवलं नव्हतं. पद चौघांनीही मन लावून ऐकलं होतं, आणि फिल्म कोरीच्या कोरी होती.

गंगाक्का पडद्यापासून चार पावलांवर होती. पडदा ओढणाऱ्यानं दोर हातात घेतला होता. सोमलिंग खुर्चीवर चढला.

"आक्का!" तो ओरडला. "आक्का, थांबा!"

ती थांबली नाही. बिल्वमंजिरी कधी थांबत नसे.

"आक्का, न्हाय आलं!" त्याचा आवाज पार चिरकला. "तुमचं पद न्हाय आलं फिल्मेत! आमी चौगं बी ऐकतच बसलो! माज्यानं दोरीच ओडली गेली न्हाय, आक्का!"

चहाला निघालेले लोक दारात थबकले. गंगाक्काचं पाऊल अडलं. तिची पाठ लोकांकडे होती, आणि त्या पाठीवरचे खांदे हळूहळू हलू लागले. पुढच्या रांगेतल्या बायका हळहळल्या, की बाई रडतेय बिचारी, शेवटचा प्रयोग आणि ह्या मेल्यानं घात केला.

मग ती वळली. पस्तीस-चाळीस वर्षांत बिल्वमंजिरी पहिल्यांदा मागे वळली. ती हसत होती. कमरेवर हात देऊन, डोळ्यांतून पाणी येईतो हसत होती.

"ऐकत बसलास व्हय रं!" ती म्हणाली. "जगाला हालू नका म्हणतोस, आन् सोता दगड हून बसलास! अय्यो, हे चावीवालं!"

मग काय हसले लोक! राजाची मिशी आता पुरतीच पडली. मालक विंगेतून बाहेर येऊन पोट धरून उभा राहिला. पायपेटीवाल्याला सूर देता येईना. गंगाक्का खुरडत खुरडत उंबऱ्याशी परत आली, निऱ्या सारख्या केल्या आणि म्हणाली, "धर दोऱ्या. आन् ऐकू नगंस."

पण ह्या वेळी सोमलिंगवर कुणीच विसंबायला तयार नव्हतं. पायपेटी सुरू झाली तशी विणकर बाईनं त्याच्या पाठीत बोट रोवलं, "लाल!" तिच्या शेजारच्या गिरणीकामगारानं तालमीतला दोऱ्यांचा क्रम कुणाकडून तरी ऐकलेला असावा, तो पुटपुटला, "आता पिवळी, पिवळी घ्या." विजापूर वेशीतले एक अत्तरवाले बुजुर्ग कुजबुजले, "हरा खींचो मियाँ, हरा." सोमलिंग ओढत होता. लाल, पिवळी, हिरवी. त्या पदाचं दिग्दर्शन त्या दुपारी सगळ्या थिएटरनं मिळून केलं, आणि सोमलिंगला त्याचा जराही राग आला नाही. हुकूम सोडणाऱ्या माणसाला हुकूम झेलण्यात इतकं सुख असतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. पद पूर्ण झालं. एक अक्षर सुटलं नाही.

रिळं धुवायला मुंबईला गेली आणि सोमलिंगला मात्र चैन पडेना. सगळे म्हणत होते, झालं की भागलं. पण त्याला ठाऊक होतं, की रडवणारं पद पहिलं होतं, आणि टेपवर त्याचा नुसता आवाज होता, चित्र नव्हतं. ते गेलं. गंगाक्काला बघायचं होतं ते लोक ज्याला रडतात ते, आणि आपल्याकडे आहे ते भर हशातून उठून म्हटलेलं. तिला दाखवायचं काय? रिळं आली, नवरा-बायकोनं बसून तुकडे जोडले, ओठ आणि टेप जुळवताना दोघांच्या नाकी नऊ आले. चावी उतरताना कॅमेरा जरा मंद चालतो, त्यामुळे पडद्यावर राजा मध्येच लगालगा चालायचा. हे सगळं निस्तरता आलं. ती खंत निस्तरता येईना. हेमावतीला तो दर जेवणाला म्हणायचा, "आक्काला फसवलं मी." हेमावती म्हणायची, "आदी बगू तर दे तिला."

हरिबा श्रीपूरहून कारखान्याचा प्रोजेक्टर घेऊन आला. स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत भिंतीला पांढरं कापड लावलं. गंगाक्का पानाचा डबा घेऊन मधोमध बसली. सुरुवात झाली आणि तिचं तोंडही सुरू झालं.

"ही कंबर बग! कुणी सांगितलं न्हाय मला? आन् हा हात कसला फिरवतीय, गोवऱ्या थापतीय जणू. राजा कुटं पळाला रं, त्याला लागलीय व्हय?" सगळे हसून लोटपोट. सोमलिंग तेवढा प्रोजेक्टरशी नख खात उभा होता.

शेवटचं पद आलं. टेपवर आधी लोकांचा हशा, मग पायपेटी, मग कुणाचं तरी "लाल, लाल." पडद्यावर गंगाक्काचा चेहरा. डोळे अजून हसण्यानं ओले, गालावर काजळाचा ओघळ. पहिल्या ओळीला हसू ओठांच्या कडेला दाबून धरलेलं दिसत होतं. मग गाईपाशी ते हसू विरलं, पण त्याचा उजेड काही गेला नाही. मान किंचित तिरपी, एक हात सुरावर तरंगल्यासारखा, आणि तान घेताना चेहरा असा, की गोड घास तोंडात असलेलं मूल दिसावं.

गंगाक्काचं बोलणं थांबलं होतं. ती उठली, गुडघ्यांवर हात टेकत पडद्याच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. तिची सावली चित्रावर पडली. बसा म्हणून कुणी म्हणालं नाही, सोमलिंगसुद्धा नाही.

पद संपलं. सोमलिंगनं दिवा लावला. "आक्का, लोकं रडली ती पयल्या येळेला. ते ऱ्हायलं. माजी चूक हाय."

गंगाक्कानं त्याच्याकडे बघितलं नाही. तिचे डोळे भरून वाहत होते, आणि ती रित्या कापडाकडेच बघत होती.

"मी आपली जलमभर सांगत फिरले," ती हळूच म्हणाली, "बापानं टाकलं, कंपनीनं राबवलं. आन् ह्या बाईचं तोंड बग, सोमलिंगा. हिला कुणी धरून आणलंय, असं वाटतंय व्हय रं?"

"न्हाय आक्का."

तिनं पदरानं गाल पुसले, आणि एकदम ती हसायला लागली, थिएटरात हसली होती तशीच.

"अगं बाई," ती म्हणाली, "लई मजेत हुते की मी!"